सवचा पांगुळगाडा

आमच्या घरात तिथी दोन कारणांसाठी पाहिली जाई. एक आईच्या उपासांसाठी आणि दुसरं माझ्या आंघोळीसाठी. रोजची आंघोळ मोरीत होई, तिला पंचांग लागत नसे. पण सवच्या ऊन पाण्याच्या कुंडातली आंघोळ खाडीच्या मर्जीवर होती. सव आमच्या महाडच्या खाली, सावित्रीच्या काठावर. भरती चढली की खाडीचं गार, खारं पाणी कुंडांत शिरे आणि सगळं कोमट होऊन जाई. सुकती लागली की कुंडं पुन्हा उघडी पडत. ही वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते, त्यामुळे दर पंधरवड्यात चतुर्थीपासून नवमीपर्यंतचेच दिवस आमच्या कामाचे असत. सकाळी उतरत्या पाण्याबरोबर होडीनं खाली जायचं, दुपारी आंघोळ करायची आणि चढतं पाणी व पश्चिमेचा वारा घेऊन घरी यायचं. हे सगळं मला आजही पाठ आहे. आज सकाळी काय खाल्लं असं विचारलंत तर मात्र आठवावं लागेल.

मी तीन वर्षांची असताना मला ताप आला आणि तो उतरला तेव्हा कमरेखालचं बरंचसं बळ घेऊन उतरला. डावा पाय थोडंफार ऐकायचा, उजवा निव्वळ सोबतीला होता. घरात मी बसल्या बसल्या सरकत असे, बाहेर जायचं तर आईच्या पाठीवर. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर होते, पण माझी शाळा घरातच होती. सकाळ-संध्याकाळ ओटीवर अण्णांच्या शिकवणीची मुलं मोठमोठ्यानं पाढे म्हणत आणि मी आतल्या खोलीत कडवे वाल सोलता सोलता त्यांच्या चुका काढत असे. मुलगा अडला की मी आतून उत्तर ओरडायची. अण्णा म्हणायचे, "ते भिंतीला येतं, तुला येत नाही?" मी त्या भिंतीमागची हुशार मुलगी होते आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी आई एरंडेल कोमट करून माझ्या पायांना चोळायची. तिच्या बांगड्यांचा आवाज मांडीपासून घोट्यापर्यंत खाली जायचा आणि पुन्हा वर यायचा. शेवटी ती उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून विचारायची, "हलतोय का गं?" मी म्हणायची, "नाही." मग ती तेलाची वाटी उचलून आत जायची आणि बिरड्याला फोडणी द्यायची. मला कडव्या वालांच्या बिरड्याचा वास आला की अजून पायाला तेल लागल्यासारखं वाटतं.

वैद्यबुवांनी सवच्या एकवीस आंघोळी सांगितल्या त्या दिवाळीनंतर. आई घाटावरची. तिला पाणी घागरीतलं आवडे, फार तर विहिरीतलं. खाडीकडे ती पाठ करूनच उभी राहायची. म्हणून ठरलं असं की आईनं मला पाठीवर घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरायच्या आणि होडीत ठेवून परत फिरायचं. पुढे होडीवाल्या धोंडू तांडेलनं मला सवला न्यायचं आणि तिथे त्याच्या बायकोनं, यमुनाबाईनं, मला आंघोळ घालायची. धोंडू तांडेल राहायला सवलाच. उमेदीत तो मोठ्या मचव्यावर होता. तिथे डोलकाठीच्या दोरात सापडून त्याचा डावा हात कोपरापासून गेला. मग त्यानं ही लहान शिडाची होडी घेतली आणि आंघोळीला येणाऱ्यांची ने-आण सुरू केली.

पहिल्या दिवशी आईनं मला पाठीवरून उतरवलं आणि विचारलं, "हिला कुठं बसवू, तांडेल?"

"बसायला काय, कुठं पण बसंल," तांडेल म्हणाला. "पण करंल काय ती?"

"ती काय करणार? तिचे पाय..."

"पायांनी होडी कोण हाकतो, वैनी? माझ्या होडीत नुसतं बसून कोण जात नाय. मला हात एकच हाय. दुसरा येणाऱ्यानं आणायचा."

आईला हे बोलणं आवडलं नाही. तिनं मला नाळेच्या बाजूला, होडीच्या पुढच्या टोकाशी, दोन गोणपाटांच्या मध्ये बसवलं, मांडीवर डबा ठेवला आणि वळूनही न बघता पायऱ्या चढून गेली. होडीत आधीच एकजण बसले होते. ते सखारामबुवा, उमरठचे शेतकरी. लहानपणी देवी येऊन त्यांचे डोळे गेले होते. तरी जन्मभर लावणी-कापणी करत आले आणि आता गुडघे धरले म्हणून महाडात बहिणीकडे राहून आंघोळी घेत होते. त्यांच्याकडे शिडाची दोरी होती. तांडेलनं त्या दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारून ठेवल्या होत्या. "दोन गाठी सोड," म्हटलं की बुवा दोन गाठी हातातून जाऊ द्यायचे. "एक घे," म्हटलं की एक ओढून घ्यायचे. वारा कुठून येतो ते त्यांना आमच्या आधी कळे. ते कानाच्या पाळीला हात लावून सांगायचे, "फिरला बघ, आता डाव्या अंगानं येतोय." मला वाटलं, हे चेष्टा करताहेत. तेवढ्यात शीड फडफडलं.

परत येताना वारा आला, होडी कलली आणि मी डब्यासकट घरंगळत पलीकडच्या बाजूला जाऊन पडले. डबा उघडला. उरलेलं बिरडं आणि तळाचं पाणी एक झालं. मी रडण्याच्या तयारीत होते, पण बुवांनी नाक वर करून विचारलं, "वालाचं हाय का गो? सांडलं? अरेरे." त्यांना माझ्यापेक्षा बिरड्याचं वाईट वाटलं होतं. मी हसले. तांडेलनं मला एका हातानं उचलून सरळ केलं आणि म्हणाला, "हिला खुर्ची पायजे."

ती खुर्ची अण्णांनी आणली. शाळेतली मोडकी होती, मास्तर लोक तिला घाबरून भिंतीशी ठेवत. तांडेलनं तिचे चारही पाय कापले आणि ती होडीच्या मागच्या फळीवर खिळ्यांनी ठोकली. आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा करून त्यात मला कमरेशी बांधायचं, गाठ अशी की एका हिसक्यात सुटावी. ती गाठ त्यानं मला पाण्यात पाय सोडून बसवून पन्नासदा सोडायला लावली. सुकाणूचा दांडा माझ्या हातापर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्याला काथ्यानं एक बांबू बांधला. माझी नात मध्यंतरी मला फोनवर दाखवत होती, कुठेशी समुद्रावर अपंगांना शिडाच्या होड्या शिकवतात. खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली, सुकाणूला वेगळी दांडी, दोऱ्यांना रंग. "किती डोकं लावलंय बघ ना, आजी," ती म्हणाली. मी चष्मा लावून नीट पाहिलं. खुर्ची आमच्यापेक्षा चांगली होती, गाठ मात्र आमची सोपी होती.

सुकाणू माझ्या हाती आलं त्या दिवसाबद्दल मी काय सांगू. घरात मला चुलीपासून खिडकीपर्यंत जायचं तरी जमीन पुसलेली आहे का, वाटेत पाट आहे का, कुणी चिमटा ठेवलाय का, हे सगळं बघावं लागे. इथे मी बांबू वीतभर ढकलला आणि होडी वळली. तांडेल वळला, बुवा वळले, भाकऱ्यांची गाठोडी वळली, समोरचा डोंगर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला. मी घाबरून बांबू परत आणला, सगळं पुन्हा जागेवर आलं. मग मुद्दाम ढकलला. तांडेल नाळेवर बसून माझ्याकडे पाठ करून विडी ओढत होता. मी त्या दिवशी होडी इतकी वाकडीतिकडी नेली की बुवा म्हणाले, "आपण महाडला चाललोय की खाडी नांगरतोय?"

पुढे मंडळी वाढत गेली. लकव्यानं एक बाजू गेलेले एक शिंपी येत, ते चांगल्या हातानं पाणी उपसायचे. संधिवातानं बोटं वळलेल्या एक बाई येत, त्यांना तांडेलनं पुढे पाण्याखालचे वाळूचे दांडे बघायला बसवलं, कारण त्यांचा आवाज या काठावरून त्या काठावर जायचा. ज्याला जे येत नाही ते सोडायचं आणि येतं ते करायचं, एवढाच तांडेलचा कायदा. महाडच्या धक्क्यावरची पोरं आमची होडी दिसली की ओरडायची, "पांगुळगाडा आला, पांगुळगाडा आला." तांडेल शांतपणे सांगायचा, "आला. बसायचंय? दोन्ही पाय धड असतील तर एक घरी ठेवून ये." परतीच्या वाटेवर सगळ्यांचे डबे उघडत. बुवांची नाचणीची भाकरी आणि ठेचा, बाईंचे पोह्याचे पापड, आईचं बिरडं, यमुनाबाईनं दिलेला गुळाचा खडा. ऊन पाण्यातून निघाल्यावर भूक अशी लागायची की आधी कुणी बोलत नसे. मग सगळे एकदम बोलत. पाय कुणाचेच सुधारत नव्हते, गुडघेही नाहीत, बोटंही नाहीत, पण मी तेवढं हसलेलं घर पुढे कुठे पाहिलं नाही.

आणि मग एकवीस आंघोळी संपत आल्या.

विसावीच्या संध्याकाळी आईनं पायांना तेल लावलं. अंगठा दोन बोटांत धरला. त्या दिवशी तिनं विचारलंसुद्धा नाही, नुसता धरून बसली आणि म्हणाली, "उद्याची झाली की पुरे आता. उगाच त्या खाडीत रोज जीव टांगणीला." मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला फक्त एवढंच कळलं की उद्यानंतर होडी नाही. मला एक युक्ती ठाऊक होती. मांडीला आतून हिसका दिला की तो अंगठा किंचित हलायचा. हलवला म्हणून हलायचा नाही, सगळा पायच हादरायचा म्हणून. मी हिसका दिला.

"हलला," मी म्हटलं.

आईनं वाटी खाली ठेवली. "पुन्हा."

मी पुन्हा हिसका दिला. आई उठली, ओटीवर गेली आणि शिकवणीच्या मुलांदेखत अण्णांना म्हणाली, "कुसूचा अंगठा हलला." पाढे थांबले. तिला मुलांसमोर अण्णांशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णा आत आले, त्यांना मी अंगठा पुन्हा हलवून दाखवला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी आईनं गल्लीत गूळ-खोबरं वाटलं आणि वैद्यबुवांनी आणखी एकवीस आंघोळी सांगितल्या. मला वाटलं, काय सहज झालं. बारा वर्षांच्या पोरीला एवढीच अक्कल असते.

पौषात आई नव्या उमेदीनं कामाला लागली. तेल दुप्पट झालं. ती चोळताना गाणं म्हणायला लागली, तेही घाटावरचं, जे मी आधी ऐकलंच नव्हतं. आणि एके दिवशी तिनं तिच्या भावाला, माझ्या पुण्याच्या मामाला, पत्र घातलं. मामानं कुणा मोठ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांचं म्हणणं, हालचाल दिसत असेल तर वेळ घालवू नका, मुलीला लगेच पाठवा, वर्षभर इथे ठेवून पट्ट्या बांधू. आईनं ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. माघ संपला की मी पुण्याला जाणार. वर्षभर. तिनं माझ्यासाठी नवा परकर शिवायला घेतला, पुण्याच्या लोकांत बरा दिसावा म्हणून जरा जाड कापडाचा. मी त्या परकराकडे बघायची आणि मनात हिशेब मांडायची. खरं सांगावं तर आंघोळी बंद, म्हणजे होडी बंद. न सांगावं तर पुणं, म्हणजेही होडी बंद. माझं मीच करून ठेवलेलं. तांडेलला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वैनी गाणं म्हणतेय म्हणालीस ना? मग तिला जास्त दिवस म्हणू देऊ नको. सांगून टाक." मी म्हटलं, उद्या सांगते. असे बरेच उद्या गेले.

दुसऱ्या फेरीतल्या वीस आंघोळी माघाच्या शुद्ध नवमीला झाल्या. शेवटची एकविसावी राहिली. आई म्हणाली, ती माघी पौर्णिमेला करायची. माघस्नानाचं पुण्य असं दुसऱ्या कुठल्या दिवशी नाही, आणि ती स्वतः येणार, कुंडाची ओटी भरणार. तांडेलनं धक्क्यावर उभं राहून तिला समजावलं, "वैनी, पुनवेचं पाणी मोठं. दुपारी कुंडं सगळी पाण्याखाली जातात. आंघोळ करायची तर पहाटे निघायला लागंल."

"पूजा-नैवेद्य झाल्याशिवाय घरातून निघता येत नाही," आई म्हणाली.

"मग देव भेटंल, ऊन पाणी नाय भेटायचं."

"माघी पौर्णिमेला नाही भेटायचं तर मग कधी भेटायचं?" पंचांग दोघांकडे एकच होतं. आई त्यातला दिवस पाहत होती आणि तो पाणी.

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा भरती लागून तास झाला होता. आई होडीत पाऊल टाकताना डोळे मिटून घेऊन तांडेलच्या खांद्याला घट्ट धरून उतरली आणि डोलकाठीला जी मिठी मारून बसली ती बसलीच. मी मागे माझ्या खुर्चीत होते. तिला वाटलं, मी पडू नये म्हणून मला तिथे बांधलंय. बांबू माझ्या हातात का आहे ते तिनं विचारलं नाही, कारण तिनं मागे वळून पाहिलंच नाही. बाकी मंडळींनी पुनवेला यायचं नाकारलं होतं. सखारामबुवा तेवढे आले, म्हणाले, "सोबत म्हणून येतो." ते आणि तांडेल वल्ही मारत राहिले, पाणी आम्हाला उलटं ढकलत राहिलं. सवला पोचायला दुपार झाली. कुंडांच्या जागी खाडी होती. कडेच्या दगडांची नुसती डोकी दिसत होती. यमुनाबाई काठावर कपाळाला हात लावून उभी.

आईनं त्या पाण्यालाच हळदकुंकू वाहिलं, ओटी सोडली आणि ओंजळभर पाणी घेऊन माझ्या पायांवर घातलं. ते गार होतं. तिचा चेहरा बघून मला राहवेना. ती म्हणाली, "असू दे. अंगठा हलतोय ना, बाकी पुण्याला होईल."

"अंगठा हलत नाही, आई," मी म्हटलं. "मी मांडीनं हलवते. पहिल्यापासून."

तिनं ऐकलं. ओला हात पदराला पुसला. मला वाटलं ती मारेल, निदान रागावेल. तिनं फक्त विचारलं, "का?" मी होडीकडे बोट दाखवलं. तिला ते बोट काय सांगतंय ते कळलं नाही आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. मला पाठीवर घेतलं, होडीत ठेवलं आणि डोलकाठीपाशी जाऊन बसली. आयुष्यात मी पुष्कळांना दुखावलं आहे, तोंडाची फटकळ आहे मी, पण तिची ती पाठ मला अजून दिसते.

परतीला वारा चांगला भरला होता. शीड उभं केलं, बुवांनी दोरी घेतली आणि मी सुकाणू. माझे डोळे भरून येत होते आणि पुढे दांडे बघणाऱ्या बाई त्या दिवशी नव्हत्या. वळणावर एक वाळूचा दांडा आहे, तो मला अंगणासारखा ठाऊक होता. तरी मी होडी सरळ त्याच्यावर घातली. खरर्र आवाज झाला आणि आम्ही थांबलो. आई म्हणाली, "काय झालं?" तांडेल माझ्याकडे बघून पाण्यात उतरला, कमरेइतकं पाणी होतं. खांदा लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाणी आणि वारा दोन्ही एकदम आले, होडी सुटली आणि निघाली. तांडेलचा एकुलता एक हात कडेवरून निसटला.

"तांडेल कुठं हाय?" बुवांनी विचारलं.

"पाण्यात," मी म्हटलं.

मागे तो दांड्यावर उभा होता आणि लहान लहान होत होता. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. त्यानं हाक मारली नाही, हात हलवला नाही. आईनं मात्र पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. तिनं तांडेलला पाहिलं, मग मला, मग माझ्या हातातला बांबू. "अगं बाई," ती म्हणाली, "आता होडी कोण नेणार?"

"मीच नेते आहे, आई. सकाळपासून." मग मला आठवलं की आता रडायला वेळ नाही. "बुवा, सगळ्या गाठी सोडा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

दोरी सुटली. मी बांबू पोटाशी ओढून धरला. होडी फिरली, वाऱ्याला तोंड करून उभी राहिली, शीड डोक्यावर फडाफड वाजायला लागलं. आईनं कानांवर हात ठेवले. पण पाणी आम्हाला महाडकडे ओढतच होतं. नांगराचा दगड पुढे होता. बुवांना तो सापडायला वेळ लागला असता आणि मी बांधलेली. "आई, पुढे जा. दोरी बांधलेला दगड आहे, तो उचलून पाण्यात टाक."

"मी?"

"तूच. उभी राहू नकोस, बसून सरकत जा. मी घरात जाते तशी."

आई सरकत गेली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर आलेलं, पदर कमरेला, घाटावरची माझी आई, जिनं आयुष्यात खाडीकडे तोंड केलं नव्हतं. तिनं तो दगड छातीशी धरला आणि असा फेकला की अर्धं पाणी आमच्याच अंगावर उडालं. दोरी ताणली. होडी थांबली. मी तांडेलला हात केला. तो याचीच वाट बघत होता. त्यानं अंग पाण्यावर टाकलं आणि चढत्या पाण्यानं त्याला आयतं आमच्याकडे आणून सोडलं. एका हातानं दिशा तेवढी देत होता. जवळ आला तशी आईनं वाकून त्याच्या सदऱ्याची मान पकडली, बुवांनी तिला मागून धरलं, आणि तो वर आला. बसल्यावर त्यानं आधी कानातलं पाणी काढलं. मग खिशातल्या भिजलेल्या विड्या एकेक करून पाण्यात टाकल्या आणि मला म्हणाला, "दांडा दिसला नाय?"

"दिसला नाही," मी म्हटलं.

"पुढल्या वेळी बघ."

एवढंच. दगड वर घेतला, बुवांनी चार गाठी ओढल्या, शीड भरलं. ऊन तिरपं झालं होतं. तांडेल थंडीनं कुडकुडत होता तरी सुकाणू घ्यायला मागे आला नाही, नाळेवर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला, रोजच्यासारखा. आई मात्र आता माझ्याकडे तोंड करून बसली होती. बराच वेळ ती माझे हात बघत होती. वारा वाढला की मी बांबू कसा घेते, बुवांना काय सांगते, कुठे बघते. कुणी माझ्या पायांऐवजी हातांकडे इतका वेळ बघतंय याची मला सवय नव्हती. मी लाजले.

"हे सगळं तू इथं शिकलीस?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि म्हणून खोटं बोललीस."

"हो."

"मला आधी विचारायचंस की." माझी आई खोटं बोलत नसे, स्वतःशीही नाही. "पण विचारलं असतंस तर मी नकोच म्हटलं असतं," ती म्हणाली. "मामाला मी लिहीन. तो परकर इथंच घाल. आणि चतुर्थीला जायचं असेल तर त्या डब्याला नवं झाकण बघायला हवं, रोज तेल सांडून आणतेस."

बुवा म्हणाले, "वालाचंच करा, वैनी." आई हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, रडता रडता ती पुन्हा हसली, आणि मीही. तांडेलची पाठ हलताना दिसत होती, ती थंडीनं की हसून ते कळलं नाही.

धक्क्यावर पोरं होती, पांगुळगाडा आला म्हणून ओरडत होती. अण्णा शाळा सुटल्यावर तसेच येऊन वरच्या पायरीवर उभे राहिले होते. मी होडी कडेला लावली, नीट लावली. बुवा दगडाला हात लावून सवयीनं चढून गेले. तांडेल पायरीवर उतरून होडी दोरीनं धरून उभा राहिला, त्यात त्याचा हात गुंतला. होडी हलत होती. आई उठली, एक पाऊल पायरीकडे केलं आणि मागे घेतलं. पुन्हा केलं, पुन्हा घेतलं. अण्णा वरून घाईघाईनं उतरू लागले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळली. मला नऊ वर्षं पाठीवर घेऊन फिरलेली माझी आई, तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "कुसू, मला जरा धर गं."

मी बांबू सोडला आणि दोन्ही हातांनी तिला धरलं.